मदत हवी आहे: जुन्या जीपची चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा) न तापवता, थंडच ओढून सरळ करणारं पुण्यात कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. आजोबांची महिंद्रा सीजे-३बी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. बॉडी, इंजिन उतरवून चॅसिस घोड्यांवर (स्टँडवर) लेव्हलमध्ये घेतली, स्प्रिंगच्या पाट्या जिथे अडकवतात त्या हँगरच्या भोकांतून ओळंबे सोडले आणि फरशीवर खडूने खुणा केल्या. मागचे कर्ण (खुणांमधली तिरकी मापं) जुळतात, पुढच्या दोन कर्णांत मात्र ११ मिमीचा फरक येतोय, म्हणजे चॅसिस पुढे तिरकी झालीय. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी हवा. तो डावीकडे कमी भरत होता. पुढच्या क्रॉस मेंबरचे (चॅसिसच्या आडव्या पट्टीचे) दोन रिव्हेट ढिले आहेत, भोवती गंजाची लालसर कडा दिसते. धडक तिथेच बसली असणार.

एक कारागीर म्हणाले, गॅसने तापवून ओढू. मन धजावत नाही. जास्त तापवलं की लोखंडाचा दम जातो. साखळी आणि हायड्रॉलिक जॅकने थंडच, थोडं जास्त ओढावं असं वाटतं, कारण दाब सोडला की ते थोडं मागे येतंच.

रिव्हेट ओढण्याआधी काढावेत की नंतर? ११ मिमीतला किती फरक चालवून घ्यावा? आणि नवे रिव्हेट तापवून ठोकणारं नाना पेठेत किंवा भोसरीकडे कोणी असेल तर कृपया सांगा. बोल्ट टाकायचे नाहीत, मूळचंच ठेवायचंय.