चौकशी लागली म्हणजे क्लेम बुडाला असं नाही

एचएमआरसीचं (म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याचं) चौकशीचं पत्र आलं, आरअँडडी टॅक्स क्रेडिट (संशोधन-विकासाच्या खर्चावर कंपनीला कर खात्याकडून मिळणारे पैसे) अडकलं, आता क्लेम गेलाच का असं बरेच जण विचारतात, तर तसं नाही हो, फक्त चौकशी चालू असेपर्यंत ते पैसे देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं, कायद्यातच तशी सोय करून ठेवलीय. क्लेम ४० दिवसांत निकाली निघेल असं सगळे धरून बसतात, पण ते त्यांचं टार्गेट आहे, हमी नव्हे, आणि चौकशी उघडली की ते विसराच. पण मधल्या काळात त्यांना योग्य वाटेल तेवढी रक्कम प्रोव्हिजनल (तात्पुरती) म्हणून देता येते, बरेच जण ती मागतच नाहीत. लेखी मागा, फार तर नाही म्हणतील.

आणि त्या वर्षाचं पीएवायई (कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापून भरायचा कर) थकलंय का ते आधी बघा, त्यापायीही पेमेंट अडतं.

उलटंही होतं बरं का, पैसे खात्यात पडले म्हणजे सुटलो असं नाही, रिटर्न वेळेत भरलं असलं तरी पुढचे १२ महिने ते उकरू शकतात, त्यामुळे या पैशांच्या भरवशावर पगार ठरवू नका.

सॉफ्टवेअरवाल्यांनी चौकशीच्या उत्तरात नुसतं ‘नवीन ॲप बनवलं’ लिहून भागत नाही. तांत्रिक अडचण नेमकी काय होती, बाजारातले तयार पर्याय का चालले नाहीत हे ज्या डेव्हलपरने डोकं फोडलं त्याच्याकडूनच लिहून घ्या, जिराची (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरची) जुनी तिकिटं आणि फसलेल्या टेस्ट जोडा. सल्लागाराचा छापील गुळगुळीत मजकूर कामाचा नाही.

फारच रेंगाळलं तर क्लोजर नोटिससाठी (चौकशी संपवल्याच्या नोटिशीसाठी) ट्रायब्युनलकडे, म्हणजे कर न्यायाधिकरणाकडे, अर्ज करता येतो.