मदत हवी आहे: १०८ ची गाडी दारात, पण माणूस चढायला तयार नसेल तर?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून लिहितेय. गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला, आता घरी आहे. पण ती रात्र डोक्यातून जात नाही.

१०८ ला फोन करण्याआधी आमची वीसेक मिनिटं नुसत्या भीतीत गेली. "पोलीस केस होईल, पोराचं आयुष्य वाया जाईल," काकांचं हेच चाललेलं. मलाही काही ठाऊक नव्हतं. नंतर वाचलं, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. जीव द्यायच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या जुन्या कलम ३०९ सारखं सरसकट कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत नाहीच. इस्पितळात एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) नोंदवतात, पण तिच्यासाठी तातडीचे उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. ती वीस मिनिटं आम्ही उगाच घालवली.

गाडी आली तर भाऊ म्हणे, "मला काही झालेलं नाही, तुम्ही जा." अंगणात अख्खा वाडा जमलेला. गाडीतला मुलगा सोप्यावर त्याच्या शेजारी बसला. नाव विचारलं, लोकांना हलवायला मला खुणावलं, रक्तदाब बघता बघता हळू बोलत राहिला. "का केलंस?" एकदाही नाही. शेवटी भाऊ आपणहून उठला. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. पुढे एका इस्पितळात मात्र सगळ्यांदेखत "आईबापाचा विचार नाही आला?" असं त्याला सुनावलं, आणि तो दोन दिवस बोललाच नाही.

१०८ वर काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा: तो उठलाच नसता तर घरच्यांनी काय करायचं? फोनवर नेमकं काय सांगावं? वाड्यात शिरताना सायरन बंद ठेवा, असं म्हणता येतं का?

आणि घरी आल्यानंतरचं. पहिले काही आठवडे जास्त जोखमीचे असतात म्हणतात. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत त्याला दाखवतोय. घरातली औषधं कुलपात ठेवलीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ त्याच्या मोबाइलमध्ये घातलाय. तो लावत नाही, म्हणून परवा मीच लावला. घरच्यांनाही बोलता येतं तिथे. मावशी मात्र रोज रात्री त्याच्या दाराशी बसून असते. यातून गेलेल्या घरांनी हे पहिले महिने कसे काढले, कृपया लिहा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.