विषय: कोल्हापूरची मुलींची फुटबॉल स्पर्धा – मधले मोकळे दिवस रद्द करू नका

प्रेषक: क्रीडा समिती (सध्या मुक्काम राजारामपुरी)

मंडळी,

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाचा मुलींचा संघ कोल्हापूरला येतोय, त्यासाठी हॉटेलवाल्याला उद्या दुपारपर्यंत रात्रींचा नक्की आकडा द्यायचाय. चार संघ, साखळी पद्धत, म्हणजे सहा सामने, रोज दोन. खजिनदारांची कालची मेल सगळ्यांनी वाचली असेलच: शुक्र-शनि-रवि उरका आणि घरी या. मला हे अजिबात मान्य नाही. सलग तीन दिवस नव्वद-नव्वद मिनिटं खेळून तिसऱ्या दिवशी कुठली पोरगी पळणार?

2024 ला भारताच्या मुली तुर्कस्तानात अलान्याला खेळल्या ती स्पर्धाही अशीच, चारच निमंत्रित संघांची. सामने 21, 24 आणि 27 फेब्रुवारीला. प्रत्येक सामन्यानंतर दोन दिवस मोकळे. एस्टोनियाला 4-3, हाँगकाँगला 2-0 हरवलं, कोसोव्होकडून 0-1 हरलो आणि उपविजेते म्हणून परतलो. मी दोन दिवस मागतच नाहीये. शुक्र, रवि, मंगळ ठेवा, एवढंच.

---

प्रेषक: खजिनदार

दादा, राष्ट्रीय संघाचं बिल फेडरेशन भरतं. आपलं बिल दिवाळी अंकाच्या जाहिरातींतून निघतं, आणि यंदा त्या किती आल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या बेताने दोन रात्री वाढतात. वर नाश्ता, जेवण, बस. आपला आणि पाहुणा, दोन्ही संघ आपल्याच खर्चात आहेत. शिवाय क्रीडा समिती मंजूर रकमेच्या बाहेर जाणार नाही हा वार्षिक सभेचा ठराव आहे, तो तुम्हीच मांडला होता.

मुलींचीच काळजी असेल तर सामना साठ मिनिटांचा करा. नाहीतर पथक वीसऐवजी चौदाचं न्या.

---

प्रेषक: फिजिओ वहिनी

साठ मिनिटांवर मला बोलायचंय. 1991 साली चीनमध्ये बायकांचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा सामने 80 मिनिटांचे ठेवले होते. त्यानंतर पूर्ण नव्वद मिळाली. आपल्या मुली वर्षभर नव्वदचा सराव करतात आणि आपणच त्यांना कोल्हापुरात नेऊन अर्धा तास कापायचा? लहान वयोगटात वेळ कमी करायची मुभा नियमात आहे, पण ती हॉटेलचं बिल वाचवायला दिलेली नाही.

पूर्ण सामन्यानंतर स्नायू पूर्ववत व्हायला दोन-तीन दिवस लागतात. थकलेल्या पायाने वळताना गुडघा जातो, आणि तिथल्या लिगामेंटची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. असा एक गुडघा सध्या माझ्याकडे रोज संध्याकाळी येतो. जिना उतरताना ती पोर अजून कठडा धरते.

पथक चौदाचं? 2022 ला नवी मुंबईत आशियाई कप होता. इराणशी 0-0 झालं, आणि पुढच्या सामन्याला कोविडमुळे नियमाने लागणारे किमान 13 खेळाडूसुद्धा भारताचे उभे राहू शकले नाहीत. घरच्या मैदानावर स्पर्धा सोडावी लागली. वीसच न्या. आणि बदली खेळाडू पाचापेक्षा जास्त चालतील असं चारही संघांत आधी ठरवून रेफ्रींना सांगा. फुकटात होणारी गोष्ट आहे.

---

प्रेषक: मंगळवार पेठेतले काका

परदेशातून परत येऊन कोल्हापुरात स्थायिक झालो तरी मंडळाच्या मेल लिस्टवर आहे, म्हणून बोलतो.

मैदानाचा विचार कोणीच करत नाही. तीन दिवस सलग रोज दोन सामने घातले की गोलसमोरचं गवत उडालंच. शाहू स्टेडियम मागायचं तर तालमींच्या (इथं तालमींचेच फुटबॉल संघ असतात) सीझनमधून तारखा काढून घ्याव्या लागणार. पाटाकडील-दिलबहार या दोन तालमींच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान कोण देतंय! एक दिवसाआड मागितलं तर गोष्ट जमण्यासारखी आहे. केएसएमध्ये (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) मी बोलतो, दुसऱ्या कोणी परस्पर फोन करू नये. दोन ठिकाणांहून फोन गेला की काम बिघडतं.

परवानगीचंही बघा. परदेशातला संघ इथं खेळणार म्हणजे तिकडच्या संघटनेचं पत्र लागतं, आणि इथून केएसए, विफा (राज्याची फुटबॉल संघटना), मग एआयएफएफ (देशाची) अशी वाट आहे. अर्जात तारखा लिहाव्या लागतात. एकदा लिहिल्या की बदलायच्या नाहीत.

माझी पुतणी तालमीच्या पोरांत खेळायची. डावा पाय असा की मोठी पोरं तिला आपल्या बाजूला घ्यायला भांडायची. दहावीला गेली आणि तिच्यासाठी संघच उरला नाही. पुढं 2019 ला एफसी कोल्हापूर सिटी मुलींच्या लीगसाठी लुधियानाला गेला, तोवर तिचं लग्न झालं होतं. या खेपेला गॅलरीत तिच्या लेकीला घेऊन बसणार आहे. त्या पोरीला दमलेल्या मुलींचा ढकलाढकलीचा खेळ दाखवायचा नाही मला.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मोकळा दिवस ठरणार असेल तर तो आमच्याकडे द्यावा. सकाळी पन्हाळा, दुपारी न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळ्यावर आपल्या बायकांचं लेझीम. सराव सुरू झालाय. गणपतीत आमचा कार्यक्रम बक्षीस समारंभासाठी अर्ध्यात थांबवला होता, तसं पुन्हा नको.

---

प्रेषक: फिजिओ वहिनी

मोकळा दिवस पाय मोकळे करायला आहे, पन्हाळा चढायला नाही! अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळा चालेल, तेही बसने.

---

प्रेषक: भोजन व्यवस्था

रंकाळ्यावर भेळ नको, सामन्याच्या आदल्या दिवशी तर नाहीच. पाहुण्या संघातल्या बऱ्याच मुलींना तिखटाची सवय नाही. त्यांना पांढरा रस्सा आणि भात, तांबडा ज्याला हवा त्याला वेगळ्या भांड्यात. मिसळ शेवटचा सामना झाल्यावर. शाकाहारी किती ते अजून कोणीच कळवलेलं नाही.

---

प्रेषक: क्रीडा समिती

खजिनदार, नवा हिशोब बघा. गुरुवारी सकाळी मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने पोचायचं, मंगळवारी सामने संपवून रात्रीच्या महालक्ष्मीनेच मुंबईला परतायचं. बुधवार सकाळपर्यंतची रात्र हॉटेलात लागत नाही. पाच रात्री होतात. तुमच्या बेतात सोमवारी निघायचं होतं, म्हणजे चार. फरक एका रात्रीचा.

---

प्रेषक: खजिनदार

रविवारच्या रात्रीच्या गाडीने माझ्याही बेतात तीनच होतात, तेव्हा फरक दोनाचाच. पण काकांचं मैदानाचं म्हणणं आणि वहिनींचं गुडघ्याचं मला पटलंय. एका रात्रीचे पैसे राखीव निधीतून काढतो. दुसरीचे क्रीडा समितीने प्रायोजकाकडून आणावेत, तेही हॉटेलला आगाऊ रक्कम जाण्याआधी. महालक्ष्मीची तिकिटं आजच काढा, एवढ्या मोठ्या पथकाला एका डब्यात जागा मिळणार नाही.

---

प्रेषक: क्रीडा समिती

प्रायोजक माझ्याकडे लागला. शुक्र, रवि, मंगळ असं हॉटेलवाल्याला सांगतोय. काका, याच तारखा केएसएला द्या. हरकत असेल त्यांनी आज रात्री दहाच्या आत लिस्टवरच लिहावं, मला वेगळा फोन करू नये.

---

प्रेषक: भोजन व्यवस्था

शाकाहारी किती?