मदत हवी आहे: लॅटिनमधली 'पुष्कळ', 'सगळे', 'जास्त' वाली विशेषणं

केतकी_लीड्स: लेकीची सोमवारी टेस्ट आहे आणि ही परिमाणाची विशेषणं काही केल्या जमत नाहीयेत. मुल्तुस (पुष्कळ), पाउकी (थोडे), ओम्निस (सगळे), तोतुस (अख्खा), प्लूस (जास्त) सगळं पाठ आहे तरी वाक्यात वापरलं की लाल रेघ, आणि बाईंनी कारण काहीच लिहिलेलं नाही. कोणीतरी नियम सांगा प्लीज, आजच हवंय.

शमीक: वाक्य कुठलं? इंग्लिशवरून लॅटिन करायचं होतं की उलटं? वाक्य दिल्याशिवाय काय सांगणार.

केतकी_लीड्स: लॅटिन करायचं होतं. 'त्याच्याकडे जास्त पैसा आहे' याला तिने 'प्लूस पेकूनियाम हाबेत' लिहिलं. पैसा कर्म आहे म्हणून द्वितीया केली, मग चुकलं कुठे? आणि 'सगळ्या शहराला' याचं 'तोताइ उर्बी' केलं, उर्ब्स स्त्रीलिंगी आहे म्हणून. तेही चूक.

मिलिंद_फार्मसी: डॉक्टर प्रिस्क्रिप्शनवर क्यू. एस. लिहितात ना तेही लॅटिनच, 'क्वांतुम सातिस', म्हणजे पुरेल तेवढं. सिरप बनवताना पाणी असंच क्यू. एस. घालून व्हॉल्यूम पूर्ण करतात.

शमीक: केतकीताई, प्लूस एकवचनात विशेषण नसतंच, ते नपुंसकलिंगी नाम आहे, त्यामुळे पुढची वस्तू षष्ठीत जाते, 'प्लूस पेकूनियाइ'. पाणी पुरेसं असेल तर तसंच 'सातिस आक्वाइ'. अनेकवचनात मात्र खरं विशेषण होतं, जास्त सैनिक म्हणजे 'प्लूरेस मीलितेस'. आणि तोतुसची चतुर्थी तिन्ही लिंगांत 'तोती', षष्ठी 'तोतीउस'. म्हणून 'तोती उर्बी'. अशी नऊ आहेत: ऊनुस, नुल्लुस, उल्लुस, सोलुस, नेउतेर, आलिउस, उतेर, तोतुस, आल्तेर. रोमन लिपीत लिहून पहिली अक्षरं जोडा, 'ऊनुस नाउता' होतं, म्हणजे एक खलाशी.

वि_ग_जोशी: यात नवल काहीच नाही. रामाय पण सर्वस्मै, नाही का? सर्वनामासारखी चालणारी विशेषणं संस्कृतातही आहेत. लॅटिनचे क्वोत (किती), तोत (तितके) हे आपल्या कति, तति यांचे सख्खे भाऊ. मुलीला आधी संस्कृत शिकवा, बाकीचं आपोआप येईल.

शमीक: काका, टेस्ट सोमवारी आहे.

अबोली७: ओम्निस आणि तोतुसमध्येही पोरं हमखास अडकतात कारण आपण 'सगळं गाव' आणि 'सगळी गावं' दोन्हीला एकच शब्द वापरतो. अख्खं असेल तर तोतुस, एकूणएक असेल तर ओम्नेस. ओम्निस कधीच अख्खा या अर्थी येत नाही.

शमीक: कधीच नाही कसं? सीझरच्या गॉलच्या (साधारण आजचा फ्रान्स) पुस्तकाचं पहिलंच वाक्य बघा, 'गाल्लिया एस्त ओम्निस दिवीसा इन पार्तेस त्रेस', म्हणजे अख्खं गॉल तीन भागांत विभागलेलं आहे. तिथे गॉल एकच आहे.

अबोली७: तिथे 'एकूण मिळून गॉल' असा अर्थ आहे, भाग मोजतोय तो. टेस्टमध्ये माझा नियम चालेल.

वसईकर_डी: पेकूनियाइ नाही, पेकूनिए. चर्चमध्ये आम्ही असंच म्हणतो. आणि मुल्तुसचा विषय निघालाच आहे तर मिसामधलं (चर्चमधली उपासना) 'प्रो मुल्तिस' घ्या. इंग्लिशमध्ये कित्येक वर्षं 'सर्वांसाठी' म्हणायचे, 2011 पासून 'अनेकांसाठी' झालं. एका विशेषणावर केवढा वाद!

शमीक: शाळेत क्लासिकल उच्चार असतो.

केतकी_लीड्स: उच्चार राहू द्या हो. 'इतके सैनिक' म्हणजे 'तांती मीलितेस' ना?

अबोली७: नाही, ते 'एवढे मोठे सैनिक' होईल. संख्या असेल तर 'तोत मीलितेस'. तोत आणि क्वोत कुठल्याच विभक्तीत बदलत नाहीत, तेवढाच आराम. रोमन नाटककार तेरेन्सच्या नाटकात आहे बघा, 'क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तियाइ'. आपलं व्यक्ती तितक्या प्रकृती.

केतकी_लीड्स: लिहून घेतलं. शेवटचं, पुस्तकात 'मुल्ताइ एत माग्नाइ उर्बेस' आहे, अनेक मोठी शहरं. मध्ये 'आणि' कशाला?

शमीक: मुल्तुसबरोबर दुसरं विशेषण आलं की लॅटिनमध्ये बहुतेक वेळा 'एत' घालतात. भाषांतरात तो 'आणि' गाळायचा, लॅटिन करताना आठवणीने घालायचा.