चर्चा: इंदूरच्या एबी रोडवरची बस लेन काढली, बरं झालं की वाईट?

रामबागकर: २०१३ मध्ये राजीव गांधी चौक ते निरंजनपूर असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली मधली लेन, सुरू झाला. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढायला हिरवा कंदील दिल्यावर रेलिंग निघू लागली. ‘लेन रिकामीच असायची’ हे कारण मला पटत नाही. दर २ मिनिटांना एक बस आणि बसमध्ये ६० माणसं धरा, तासाला १,८०० झाली. दोन बसांच्या मधे रस्ता रिकामा दिसणारच. सिग्नलवर अडकत त्याच लेनमधून ७००-८०० कार निघतील, कारमागे दीड माणूस धरलं तर हजार-बाराशे.

लोकमान्यनगर: दादा, हिशेब २ मिनिटांचा आहे. बस ५ मिनिटांनी आली की ७२० माणसं, म्हणजे कारवाला जिंकला. शिवाय राजवाडा, सराफा, सियागंज या मार्गावर नाहीतच. जुन्या बाजारात जीव आणायचा तर बस तिथे जायला नको का?

सिग्नलवाला: दोघंही चौक विसरलात. बस मधल्या लेनमध्ये असली की उजवीकडे वळणारी वाहनं तिच्या आडवी येतात. त्यांना वेगळा सिग्नल द्यावा लागतो, म्हणून सिग्नलची फेरी (सगळ्या दिशांना एकदा हिरवा मिळून होण्याचा वेळ) लांबते. १८० सेकंदांच्या फेरीत बसला ३० सेकंद हिरवा मिळाला तर ती सरासरी मिनिटभर उभी राहते. असे १० चौक आले की १० मिनिटं गेली, मग रेलिंगचा उपयोग काय? मोजक्या चौकांत उजवं वळण बंद करून पुढे यू-टर्न द्या, फेरी १२० वर आणा, बसला ४० द्या. थांबणं अर्ध्या मिनिटाच्या आत येतं.

लोकमान्यनगर: आणि यू-टर्नवर रांग लागली की?

सिग्नलवाला: लागते. चौकाला चिकटून दिला तर रांग परत चौकात येते. दोन-तीनशे मीटर पुढे आणि वळणाऱ्यांना वेगळी लेन, एवढं हवंच.

रामबागकर: तिकिटाचंही बघा. चढताना एकेकाला ३-४ सेकंद लागले तर २० जणांना मिनिटभर जातं. तिकीट फलाटावरच घेतलं, फलाट बसच्या उंचीचा असला आणि सगळी दारं उघडली तर तेच काम १५-२० सेकंदांत होतं. फक्त ड्रायव्हरने बस फलाटाला चिकटवली पाहिजे. वीतभर फट राहिली की म्हातारी माणसं अडतात.

लोकमान्यनगर: मान्य. पण ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून बसच्या रस्त्यालगतच उंच इमारतींना वाव दिला, म्हणून प्रवासी दारातच मिळाले. आपण आधी रेलिंग लावली. फूटपाथवर तर पार्किंगच असतं, थांब्यापर्यंत माणूस चालणार कुठून?