चर्चा: कपॅसिटरच्या फिल्ममध्ये नॅनोफिलर भरून नेमकं काय मिळतं?

अर्धांतर (धागाकर्ता):
पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त पॉलिमरमध्ये बेरियम टायटनेट या सिरॅमिकची नॅनोपूड (हीच फिलर) मिसळली की ऊर्जासाठा वाढतो, हे गणित मला पटत नाही. पीव्हीडीएफची परमिटिव्हिटी (क्षेत्रात विद्युतभार साठवण्याची क्षमता, निर्वाताच्या किती पट) साधारण १०. त्यात आकारमानाने १०% पूड घातली (वजनाने ती २७% भरते, आणि अर्धे वाद या गल्लतीतूनच होतात), तर गोल कणांसाठी मॅक्सवेल-गार्नेटच्या मिश्रणसूत्राने जेमतेम १३.३ मिळतात. पुडीची स्वतःची परमिटिव्हिटी हजारांत असली तरी तेवढेच. विद्युतक्षेत्र कणात फारसं शिरतच नाही. ते पॉलिमरमध्ये ढकललं जातं आणि कणाच्या ध्रुवांपाशी जवळपास तिप्पट होतं. ऊर्जा तर क्षेत्राच्या वर्गावर चालते. ब्रेकडाउन (फिल्म फुटते ते क्षेत्र) ५०० व्होल्ट प्रति मायक्रॉनवरून ४३३ वर आलं की सगळी कमाई साफ! तेवढ्या घसरणीला एक गुठळी पुरते.

भुकटी:
गुठळीचा दोष पुडीला का देता? तो करणाऱ्याचा आहे. पूड ३०% हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १०५ अंशांच्या आसपास ४ तास रिफ्लक्स करा (वाफ थंड करून परत आत सोडत उकळा), म्हणजे पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट येतात. मग फॉस्फोनिक आम्ल किंवा डोपामिनचा थर चढवा आणि सेंट्रिफ्यूज करून पुन्हा पुन्हा धुवा. न चिकटलेला थर फिल्ममध्ये राहिला तर गळती प्रवाह वाढतो. अमाइन गट असलेला सायलेन (सिलिकॉनयुक्त जोडरसायन) वापरलात तर धुण्यात कसूर नको: सुटं अमाइन पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड काढतं आणि फिल्म पिवळी पडते.

पूड आधी नुसत्या डीएमएफ या द्रावकात अल्ट्रासाउंडने सोडवायची, पॉलिमर नंतर. उलट केलं तर घट्ट द्रावणात गुठळ्या फुटत नाहीत. हवा दमट असेल तर डीएमएफ पाणी ओढतो आणि फिल्म पांढुरकी, सच्छिद्र होते. वाळल्यावर २०० अंशांवर ५ ते १० मिनिटं ठेवून थेट बर्फाच्या पाण्यात. पोकळ्या बऱ्याच मिटतात.

वायबुलचा_उतार:
हे सगळं नीट केलं तरी मोजमापात फसाल. प्रयोगशाळेतला इलेक्ट्रोड ३ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ७ चौरस मिलिमीटर. कपॅसिटरमधली फिल्म चौरस मीटरांत. वायबुलचा आकारांक (ब्रेकडाउनचे आकडे किती एकसारखे ते; मोठा म्हणजे कमी विखुरलेले) १० असेल तर १ चौरस मीटरला ५०० चे सुमारे १५० व्होल्ट प्रति मायक्रॉन उरतात. २० असेल तर २७५ च्या आसपास. फिलरने ब्रेकडाउनची सरासरी चार टक्क्यांनी वाढली आणि आकारांक अर्ध्यावर आला, तर तो तोटाच. निदान १५-२० बिंदू फोडल्याशिवाय आकारांक सांगू नये. एकच कमाल आकडा दाखवणाऱ्या आलेखाकडे मी बघतच नाही.

तापमान_१५०:
तुम्ही सगळे परमिटिव्हिटीतच अडकलात. बीओपीपीची (नेहमीची ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म) फक्त २.२ आहे, तरी ७०० व्होल्ट प्रति मायक्रॉनला तिच्यात घन सेंटिमीटरला ४.८ जूल बसतात आणि तोटा नगण्य. तिची अडचण उष्णतेची: ८५ अंशांपुढे व्होल्टेज उतरवावं लागतं. इन्व्हर्टरशेजारी १५० अंश लागतात. तिथे पॉलिइथरइमाइड (काचसंक्रमण, म्हणजे मऊ पडण्याचं तापमान, २१७ अंश) वितळत नाही, पण वहन प्रवाह इतका वाढतो की साठवलेली ऊर्जा उष्णतेत जाते. अॅल्युमिना किंवा बोरॉन नायट्राइडचे पापुद्रे थोड्या प्रमाणात घातले की रुंद बँडगॅपमुळे (इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी ऊर्जा जास्त असल्याने) इलेक्ट्रॉन अडतात. यांची परमिटिव्हिटी मुळातच कमी, त्यामुळे धागाकर्त्यांची तिप्पट क्षेत्राची तक्रार इथे फारशी लागू होत नाही. २०१५ साली बोरॉन नायट्राइडच्या पापुद्र्यांसह क्रॉसलिंक केलेला (साखळ्या एकमेकींना जोडलेला) बीसीबी हा पॉलिमर २५० अंशांपर्यंत चालवून दाखवला आहे.

अर्धांतर:
उष्णतेचा मुद्दा मान्य. पुडीचा हेतू परमिटिव्हिटी वाढवणं नसून प्रवाह अडवणं असेल, तर माझं गणित तिथे चालत नाही. पण सेल्फ-हीलिंगचं काय? बीओपीपीत ठिणगी पडली की भोवतालचं इलेक्ट्रोडचं नॅनोमीटरांत मोजावं इतकं पातळ अॅल्युमिनियम उडून जातं आणि तो डाग वेगळा पडतो. इमाइडमध्ये बेंझिनची वलयं भरपूर, त्यामुळे मागे कार्बन राहतो आणि तोच वाहक होतो.

भुकटी:
म्हणून जाडजूड सोन्याच्या इलेक्ट्रोडवर ब्रेकडाउन मोजून थांबू नका. पातळ अॅल्युमिनियम चढवा, व्होल्टेज हळूहळू वाढवत एकाच नमुन्यात ठिणग्या पडू द्या आणि प्रत्येक ठिणगीनंतर गळती प्रवाह व धारिता मोजा. शिवाय फिल्म २.५ मायक्रॉनची करायची असेल तर १ मायक्रॉनची गुठळी म्हणजे ४०% जाडी. १५ मायक्रॉनच्या नमुन्यात ती दिसणारच नाही.