मदत हवी आहे: भाऊ दहावीला, पूर्वपरीक्षेत गणितात ८० पैकी १४. पास व्हायला नेमकं किती लागतं?

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात बिलं करते. वडील मागावर आहेत, आई घरी विड्या वळते. धाकटा भाऊ मराठी माध्यमातून यंदा दहावीला बसतोय, त्याच्यासाठी विचारायचं आहे.

पूर्वपरीक्षेचे पेपर गड्डा यात्रा संपल्यावर हातात आले. बीजगणित ४० पैकी ८, भूमिती ४० पैकी ६. विज्ञान भाग १ मध्ये १४, भाग २ मध्ये १७. भाषा आणि इतिहास-भूगोल ठीक आहेत. शाळेत पालकांना बोलावलं होतं. वडिलांची पाळी असल्यामुळे मी गेले. सगळ्यांसमोर सांगण्यात आलं, "हा गणितात जातोय, पुढच्या वर्षाचं बघा." भाऊ शेजारीच उभा होता. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, मी पण नाही.

रात्री वह्या काढ म्हटलं तर म्हणाला, "अक्का, आता २० ला पास करतात. गणित-विज्ञानात ३५ लागत नाही. मोबाईलवर आलंय." त्या जोरावर त्याने दिवाळीपासून भूमिती उघडलेलीच नाही, हे मला त्या रात्री कळलं.

मी स्वतः बारावी कॉमर्स. माझी दहावी होऊन बरीच वर्षं झाली आणि तेव्हाचं मला नीट आठवत नाही. शेजारच्या काकू म्हणतात बीजगणितात आणि भूमितीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. क्लासचा एक मुलगा म्हणतो गणित आणि विज्ञान दोन्ही विषय मिळून धरतात. एकाने तर या वर्षी बसवूच नका, पुढच्या वर्षी १७ नंबर फॉर्म भरा असंही सांगितलं. कुणाचं खरं धरायचं?

मला हवंय ते एवढंच:
२० ला पास, हे खरं आहे का?
गणितात आणि विज्ञानात नेमके किती गुण लागतात, तोंडी-प्रात्यक्षिकाचे त्यात धरतात का?
त्याला मशीनचं काम शिकायचं आहे. कारखान्यात मागाचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आला की हा सुट्टीत तासन् तास त्याच्या बाजूला बसतो. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गणिताचे किती लागतील?

परीक्षेला महिनाभर आहे. क्लासची फी आता परवडणार नाही. तो मठ्ठ नाही हो, हे मी बहीण म्हणून बोलत नाही. त्याची बाजू खाली लिहीन.

---

गणिताचे_सर

ताई, मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी २० चं सांगतो, कारण त्या निरोपाने यंदा बऱ्याच मुलांचं नुकसान केलं आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याची बातमी आली. त्यात असं होतं की गणित किंवा विज्ञानात २० ते ३५ च्या दरम्यान गुण असतील तर मुलाला पुढे जाता येईल, पण गुणपत्रिकेवर शेरा येईल आणि त्याला पुढे गणित-विज्ञानावरचे अभ्यासक्रम घेता येणार नाहीत. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षा द्यायची. ही तरतूद नव्या अभ्यासक्रमासोबतची, आणि नवा अभ्यासक्रम २०२५-२६ ला पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. तुमचा भाऊ जुन्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी. त्याला २० लागू नाही. आणि ज्याला मशीनवर काम करायचं आहे त्याने तो शेरा मागूनही घेऊ नये.

आता आजचा नियम. गणित १०० गुणांचं: बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. विज्ञानही तसंच, भाग १ चे ४०, भाग २ चे ४०, प्रात्यक्षिकाचे २०. पास व्हायला १०० पैकी ३५. बीजगणित वेगळं, भूमिती वेगळी असं काही नाही, बेरीज धरतात. शेजारच्या काकूंना सांगा.

दुसरी सोय म्हणजे एकत्रित उत्तीर्णता. गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी ७० हवेत, आणि दोन्हींत प्रत्येकी किमान २५. क्लासचा मुलगा अर्धं बरोबर बोलला, २५ ची अट त्याने सांगितली नाही. भाषांनाही अशीच सोय आहे, तिन्ही मिळून १०५ आणि प्रत्येकी किमान २५. सामाजिक शास्त्रांत, म्हणजे इतिहास-भूगोलात, मात्र स्वतंत्र ३५.

भावाचे अंतर्गत गुण किती आहेत ते सांगा, मग हिशोब करू. आणि १७ नंबर फॉर्म शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी असतो. त्याचा फॉर्म शाळेतून भरला गेलाय, तर या वर्षी बसवाच.

---

पूर्वभाग_सोलापूर

सर, खूप खूप आभार. शाळेत फोन केला. गणिताचे अंतर्गत १५ धरले आहेत, विज्ञान प्रात्यक्षिकाचे १७ मिळतील म्हणाले.

मीच मांडून बघितलं: गणित १४ अधिक १५, म्हणजे २९. विज्ञान ३१ अधिक १७, म्हणजे ४८. दोन्ही मिळून ७७. सर, हा तर आजच्या गुणांवरही पास होतोय ना? मग शाळेत जातोय असं का सांगितलं? मी कागद तीनदा तपासला.

---

गणिताचे_सर

हिशोब बरोबर आहे. शाळेने कदाचित नुसते ८० पैकीचे पाहिले असतील, कदाचित घाबरवून अभ्यासाला लावायचं असेल. मुलाला चारचौघांत असं बोलू नये, एवढं मी नक्की म्हणेन.

पण २९ वर निवांत होऊ नका. २५ च्या खाली जायला पाच गुण पुरतात, आणि भूमितीचा एक पेपर बिघडला की पाच गुण जातात. मग विज्ञानात ६० असले तरी उपयोग नाही. एकत्रित सोय ही पडल्यावर धरायची दोरी आहे. त्याने ३५ साठीच बसावं. अंतर्गत १५ पकडले तर लेखीत ८० पैकी २० हवेत, एका पेपरात १०. आत्ता त्याला सहा कमी पडतात. महिन्यात सहा गुण होतात, मी शेकडो मुलांचे होताना पाहिले आहेत.

पेपर कसा असतो ते त्याच्यासमोर ठेवा. ४० गुणांत पहिल्या प्रश्नाचे ८: चार पर्याय निवडायचे, चार एकेका गुणाची छोटी उदाहरणं. दुसऱ्या प्रश्नात दोन कृती पूर्ण करायच्या, त्याचे ४. तिसऱ्यात एक कृती, ३ गुण. कृती म्हणजे उदाहरण सोडवलेलंच असतं, मधल्या चौकटी रिकाम्या. हे सगळे मिळून १५ होतात, आणि त्यात एकही लांब उदाहरण नाही. त्याने पूर्वपरीक्षेत या चौकटी भरल्या आहेत का? पेपर बघून सांगा. त्यावरून मला कळेल की त्याला येत नाही की तो सोडून देतो.

---

एक_आई_बार्शी

ताई, माझ्या मुलीच्या वेळचं सांगते. ती अंक उलटेसुलटे लिहायची, ६७ चे ७६. आम्हाला वाटायचं आळशी आहे. नंतर अध्ययन अक्षमता निघाली. तसं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. तुमच्या भावाचं तसं काही असेल तर एकदा बघा. आणि तुम्ही त्याच्यासाठी एवढं करताय, त्याला हे जन्मभर आठवेल.

---

पूर्वभाग_सोलापूर

बार्शीच्या ताई, तसं नाहीये, पण तुमचं वाचून त्याच्या जुन्या वह्या मुद्दाम बघितल्या. अंक बरोबर लिहितो.

सर, काल रात्री पेपर घेऊन बसले. चौकटी त्याने सोडल्यात, सगळ्या! कृतीचा प्रश्न आला की पुढे गेलाय. का विचारलं तर म्हणाला, खूप वाचावं लागतं.

मग मी एक उदाहरण मोठ्याने वाचून दाखवलं: आईचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ५ ने अधिक आहे. त्याने लिहिलं ८क्ष. तीन आणि पाच मिळवून टाकले. "तिपटीपेक्षा ५ ने अधिक" हे त्याला एकच काहीतरी वाटत होतं. आमच्या घरी तेलुगू बोलतात. तेच वाक्य तेलुगूत सांगितलं तर लगेच म्हणाला, "मग ३क्ष अधिक ५ की." मी थक्क झाले. इतकी वर्षं गणितात कच्चा म्हणून ऐकतोय पोरगं, आणि अडतंय कुठे, तर वाक्यात.

आणि त्याची बाजू सांगते म्हटलं होतं ना, ती ही. मी घरी बिलं तपासत होते. टॉवेलचा माल १२,००० रुपयांचा, अडीच टक्के सीजीएसटी ३००, अडीच टक्के एसजीएसटी ३००, एकूण १२,६००. हा बाजूला बसून मी कॅल्क्युलेटर दाबायच्या आधी आकडे सांगत होता. वर विचारतो, हैदराबादच्या बिलावर दोन ओळी का नाहीत, एकच ६०० का? राज्याबाहेर माल गेला की आयजीएसटी, असं सांगितलं. सर, हे त्याच्या बीजगणितात अर्थनियोजन नावाच्या धड्यात आहे! त्याने तो धडा वाचलेलाच नाही. धड्याचं नाव बघून पान उलटलं म्हणे.

---

गणिताचे_सर

ताई, दुखणं तुम्हाला सापडलं. आता औषध सोपं आहे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरातून आलेली मुलं मी आयुष्यभर शिकवली. त्यांचं गणित बरं असतं, गणिताचं मराठी अडतं. "निश्चयक", "श्रेढी", "बहुलक", "स्पर्शिका" हे शब्द तर मराठी घरातल्या मुलालाही परकेच.

एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला त्याचा अर्थ त्याच्या भाषेत, तेलुगूत लिहा, चित्र काढा, काहीही. "पट", "ने अधिक", "पेक्षा कमी", "गुणोत्तर", "अदलाबदल" इथून सुरुवात करा. रोज दहा शब्द.

धडे सगळे धरू नका. बीजगणितात अर्थनियोजन त्याचंच आहे. संभाव्यता आणि अंकगणित श्रेढी घ्या, श्रेढीत सूत्रं दोनच आहेत. सांख्यिकीतला वृत्तालेख घ्या. भूमितीत पायथागोरस, निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र आणि भौमितिक रचना. रचनेला कंपास लागतो, शब्द लागत नाहीत. ज्याचा हात मशीनवर बसतो त्याचा कंपासवर बसलाच पाहिजे. विज्ञानात आकृत्या आणि नावं, तिथे त्याचे ३१ चे ४० सहज होतील.

---

फिटर_चिंचोळी

अक्का, मी आयटीआय फिटर, चिंचोळी एमआयडीसीत आहे. सरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त पुढचं सांगतो.

फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. दहावी पास लागते, गणित-विज्ञान घेऊन. सरकारी आयटीआय विजापूर रोडला आहे. प्रवेश ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर यादी लागते, त्यामुळे नुसतं पास होऊन चांगला ट्रेड मिळेलच असं नाही. भाषांचे गुणही वाढवायला सांगा. काही ट्रेड दहावी नापासांनाही मिळतात, पण त्याला जॉबरकी करायची असेल तर फिटरच बरा. दोन वर्षं झाल्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दहावीवरून सरळ पॉलिटेक्निकला जायचं तर निदान ३५ टक्के लागतात, पण तिथे पहिल्याच सेमिस्टरला गणित आहे, हे लक्षात ठेवा.

आणि एखाद-दुसरा विषय राहिलाच तर जून-जुलैला पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला एटीकेटीवर बसता येतं, पण आयटीआयच्या या ट्रेडला आणि पॉलिटेक्निकला ते चालत नाही, पासच व्हावं लागतं.

त्याला माझं एक उदाहरण घाला. मोटरची पुली ४ इंच, मागाची पुली १२ इंच. मोटर मिनिटाला ९६० फेरे मारते, तर माग किती मारेल? सोडवलं तर सांगा, आमचं वर्कशॉप कॅल्क्युलेशन असंच असतं.

---

पूर्वभाग_सोलापूर

दादा, ३२०. तुमचं वाचून होईपर्यंत त्याने सांगितलं, आणि वडिलांना जाऊन विचारलं की आपला माग किती मारतो. वडील पहिल्यांदाच त्याच्या अभ्यासात बोलले.

आज दहावा दिवस. वही ९३ शब्दांवर आली आहे. विडीची पानं कापता कापता आई त्याला शब्द विचारते. तिला मराठी वाचता येत नाही, पण तेलुगूची बाजू तो वाचून दाखवतो, मग ती म्हणते बरोबर. चौकटी सोडायच्या नाहीत असं ठरलंय. काल बीजगणिताचा जुना पेपर दोन तास लावून सोडवायला दिला. सरांनी सांगितलेल्या गुणांच्या वाटणीप्रमाणे मी तपासला, हात आखडता ठेवून. ४० पैकी १७ आले. पहिल्या प्रश्नात ८ पैकी ७, कृतीत ७ पैकी ५.

उद्या संध्याकाळी भूमिती. कंपासची टोकं बोथट झाली होती, नवा आणलाय. सर, स्पर्शिकेच्या रचनेत कुठल्या खुणा राहू द्यायच्या आणि कुठल्या पुसायच्या, तेवढं सांगाल का? तो रचना बरोबर काढतो आणि मग सगळे कंस खोडून टाकतो.

---

गणिताचे_सर

एकही कंस पुसायचा नाही. त्या कंसांनाच गुण असतात. कच्ची आकृती बाजूला काढायला सांगा आणि पेन्सिल टोकदार ठेवा. भूमितीचे किती आले ते उद्या रात्री इथेच लिहा, मी जागा आहे.